नवागत आणि सरकारी आरोग्यविमा

माणूस एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत जातो तेव्हां त्याची भाषा त्याच्याबरोबर जाते, देव्हाऱ्यांतले देव जातात, वळकटी आणि चार भांडीं जातात. आजारही बरोबर जातो. त्याला परवाना लागत नाहीं. मागें राहतो तो हक्क. जुन्या गांवच्या ज्या यादींत त्याचें नांव होतें ती यादी तेथेंच राहते. नव्या गांवच्या यादींत नांव चढेपर्यंत जो मधला काळ जातो, त्या काळांत त्यानें अंथरूण धरलें तर औषधोपचाराचा भार कोणीं उचलावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न कॅनडास किंवा अमेरिकेस गेलेल्या सुशिक्षितांचा आहे अशी एक समजूत आहे. त्यांचा तो आहेच, आणि त्यांच्याकडे मी पुढें वळणार आहें. परंतु ज्याला तो अधिक जाचतो असा नवागत विमानानें येत नाहीं. तो बाघ नदीवरचा पूल ओलांडून सायकलीवर येतो. म्हणून आपण गोंदिया जिल्ह्यापासून आरंभ करूं. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास आहे. उत्तरेस मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, पूर्वेस छत्तीसगड. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशांत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि नदीच्या अलीकडचे लोक मुंबई राज्यांत गेले, पलीकडचे जेथें होते तेथेंच राहिले. सोयरिकींची पुनर्रचना मात्र कोणी केली नाहीं. पोवारी बोली आजही दोन्ही तीरांवर कानीं पडते, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजूर अलीकडचा कीं पलीकडचा हें बांधावर कोणी विचारीत नाहीं. तें विचारलें जातें रुग्णालयाच्या खिडकीवर.

आतां 'प्रतीक्षाकाल' म्हणजे काय तें प्रथम पाहूं. विम्याचें तत्त्व असें कीं पुष्कळांनीं थोडें थोडें द्यावें आणि ज्या थोड्यांवर प्रसंग येईल त्यांचें त्यांतून निभावावें. यांत एक पळवाट असते. तहान लागल्यावर विहीर खणणारा मनुष्य जसा, तसा आजार जडल्यावर विमा उतरावयास येणारा. तो आज पहिला हप्ता भरतो आणि उद्यां शस्त्रक्रियेचें बिल पुढें करतो. असे लोक फार झाले म्हणजे निधि आटतो, आणि वर्षानुवर्षें हप्ते भरणारा प्रामाणिक मनुष्य बुडतो. यासाठीं विमा कंपन्या नव्या माणसाला थोडें थांबावयास सांगतात. खासगी आरोग्यविम्यांत पहिले ३० दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या आजाराची भरपाई सामान्यतः मिळत नाहीं. विमा घेण्यापूर्वींच जो विकार अंगीं होता त्यासाठीं कंपनी जास्तींत जास्त ३६ महिने थांबवूं शकते. २०२४ च्या एप्रिलपूर्वीं ही कमाल मर्यादा ४८ महिन्यांची होती.

व्यवहाराच्या दृष्टीनें या नियमांत चूक नाहीं. परंतु तो सर्वत्र लावला तर काय होईल पाहा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पूर्व विदर्भांत अपरिचित नाहीं. तो मुलाच्या अंगीं जन्मतःच असतो. अशा मुलाच्या बापाला 'तीन वर्षें थांब' म्हणण्यांत विम्याचें गणित साधेल, पण विहीर आधीं खणण्याची संधि त्या मुलाला कधीं मिळालीच नव्हती.

सरकारी आरोग्यविम्याचें गणित निराळें आहे. तेथें पैसा लाभार्थी भरीत नाहीं, सरकार भरतें. तेव्हां उशिरा येऊन हप्ता चुकविण्याचा मोह कोणाला होण्याचें कारणच नाहीं. म्हणून २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेंत आधींपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. एका कुटुंबास एका वर्षांत ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचें संरक्षण, आणि कुटुंबांत माणसें किती असावीं याला मर्यादा नाहीं. तीस दिवसही थांबावयाचें नाहीं आणि छत्तीस महिनेही नाहींत.

हें ऐकून कोणी विचारील कीं मग नवागताची अडचण ती कोणती? अडचण अशी कीं आपल्याकडील प्रतीक्षाकाल कायद्याच्या कलमांत लिहिलेला नाहीं. तो कागदपत्रांच्या पोटांत दडलेला आहे. कलमांत लिहिलेला काळ मोजतां येतो. कागदांत दडलेला काळ आजारी पडल्यावरच कळतो.

महाराष्ट्राची स्वतःची योजना घ्या. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें ती प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गोंदिया त्या आठांत नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यांत पसरली तेव्हां गोंदियाच्या वाट्याला आली. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हें नांव मिळालें. संरक्षणाची मर्यादा पुष्कळ वर्षें दीड लाख रुपयांची होती, आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच मुख्यतः तिचा लाभ मिळे. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ही मर्यादा ५ लाखांवर नेली आणि शुभ्र शिधापत्रिकेलाही दार उघडलें. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी झाली. आतां विम्यापुरता शिधापत्रिकेचा रंग गौण झाला आहे. पत्रिका महाराष्ट्राची पाहिजे, एवढें मात्र राहिलें. आणि ज्याच्यापाशीं पत्रिकाच नाहीं त्यानें काय करावें? त्यानें अधिवासाचें प्रमाणपत्र दाखवावें. तें मिळण्यासाठीं या राज्यांत सामान्यतः १५ वर्षांचें वास्तव्य सिद्ध करावें लागतें.

पंधरा वर्षें! विमा कंपनीची तीन वर्षें आपल्याला जड वाटलीं होतीं. अर्थात् अधिवासाचा नियम कोणीं आरोग्यविम्यासाठीं केला नव्हता. शिक्षण, नोकरी अशा कामांसाठीं तो पूर्वींपासून आहे, आणि त्या कामांत त्याला अर्थही आहे. परंतु एका कामासाठीं कोरलेली किल्ली दुसऱ्या दाराला लावली म्हणजे असें होतें. म्हणून नवागतानें अधिवासाच्या मागें न लागतां शिधापत्रिकेच्या मागें लागावें, हें पहिलें सांगणें. तिला वास्तव्याच्या वर्षांची अट नाहीं. जुन्या ठिकाणच्या पत्रिकेंतून नांव कमी केल्याचा दाखला, नव्या ठिकाणीं राहत असल्याचा पुरावा आणि कुटुंबांतील माणसांचीं आधारपत्रें, एवढी तिची मागणी. ही मागणी लहान दिसते. पण ज्याला घरमालक भाड्याची पावती देत नाहीं आणि जुनें गांव दोनशें कोसांवर आहे, त्याला विचारावें.

येथें एका गैरसमजाकडे लक्ष वेधलें पाहिजे. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था २०१९ पासून टप्प्याटप्प्यानें सुरू होऊन २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोंचली. तिच्यामुळें बालाघाटचा मजूर आपल्या वांट्याचें धान्य गोंदियाच्या दुकानांतून उचलूं शकतो. दुकानांत आंगठा उमटला, तांदूळ मिळाला, तेव्हां त्याला साहजिकच वाटतें कीं आपली पत्रिका येथें चालते. तीच पत्रिका घेऊन तो महात्मा फुले योजनेसाठीं रुग्णालयांत जातो आणि त्याला परत फिरावें लागतें; कारण धान्याचा हक्क केंद्राच्या कायद्यानें बांधलेला आहे, आणि ही आरोग्ययोजना महाराष्ट्रानें आपल्या रहिवाशांसाठीं केलेली आहे. तांदूळ सीमा ओलांडतो, विमा ओलांडीत नाहीं.

पण केंद्राचा विमा ओलांडतो, आणि हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आयुष्मान कार्ड देशांतील कोणत्याही संलग्न रुग्णालयांत चालावें अशी त्या योजनेची रचनाच आहे. तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातिगणनेवरून घेतली गेली; पुढें कांहीं राज्यांनीं आपल्या पैशानें आणखी कुटुंबें तींत घातलीं. मूळ यादींतल्या कुटुंबाला बालाघाटांत मिळालेलें कार्ड गोंदियांत उपयोगी पडतें, आणि गोंदियांतलें हैदराबादेंत. जें कार्ड केवळ राज्याच्या खर्चानें दिलेलें असतें त्याला ही मुभा असेलच असें धरून चालूं नये. महाराष्ट्रांत तर आतां दोन्ही योजनांचें कार्ड एकाच रूपाचें निघतें. बाहेरून एक, आंत दोन. इटियाडोह धरणाजवळच्या गांवांतून कोणी तरुण तेलंगणांत कामास जावयास निघाला असेल तर आपलें नांव केंद्राच्या यादींत आहे कीं राज्याच्या, हें त्यानें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. केंद्राच्या योजनेचा विनामूल्य दूरध्वनि १४५५५ हा आहे, महाराष्ट्राच्या योजनेचा १५५३८८. चार मिनिटांचें काम आहे, पण तें गांवीं बसून करावयाचें. परक्या शहरांत ताप चढल्यावर तें होत नाहीं.

आतां अशा एका व्यक्तीविषयीं बोलूं, जिची गणना नवागतांत कोणी करीत नाहीं. ती म्हणजे नवी सून. बालाघाटची मुलगी आमगांवास किंवा तिरोड्यास दिली, तर कायद्याच्या भाषेंत ती एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत स्थलांतरित झाली. वरातीबरोबर तिचें सामान येतें. तिचें नांव येत नाहीं. माहेरच्या शिधापत्रिकेंतून नांव कमी करणें हें काम बापाचें, सासरच्या पत्रिकेंत तें चढविणें हें काम नवऱ्याचें, आणि आधारावरचा पत्ता बदलणें हें काम कोणाचेंच नव्हे. बापाला घाई नसते, कारण लेकीचें नांव स्वतःच्या हातानें पुसणें कोणाला आवडेल? सासरच्यांनाही घाई नसते, कारण पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें असतें. अशीं दोन दोन वर्षें सहज निघून जातात. याहून वाईट म्हणजे कधीं कधीं तिकडचें नांव तांतडीनें कमी होतें आणि इकडचा अर्ज तहसिलींत पडून राहतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तिच्या बाबतींत शब्दशः खरी ठरते.

या मुलींना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना माझें सांगणें असें. माहेरीं आयुष्मान कार्ड निघालेलें असेल तर तें रुखवतांत घालून पाठवा. चांदीच्या समईपेक्षां त्याचा उपयोग अधिक होण्याचा संभव आहे. विवाहाची नोंदणी पहिल्याच महिन्यांत करून घ्या, कारण पुढच्या साऱ्या अर्जांना ती लागते. आणि नांव कमी केल्याचा दाखला हातीं पडला कीं त्याच आठवड्यांत तो इकडे जोडा. बाळंतपणापुरती एक गोष्ट निर्धास्तपणें सांगतां येते. १ जून २०११ रोजीं सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें सरकारी संस्थेंतील प्रसूति, शस्त्रक्रियेची असली तरी, विनामूल्य आहे, आणि तिला विम्याची वा शिधापत्रिकेची गरज नाहीं. तेव्हां कागद अपुरे आहेत म्हणून बाळंतिणीला घरीं ठेवण्याचें कांहींएक कारण नाहीं.

मजुराकडे पुनः वळूं. त्याला रहिवासाच्या वाटेनें जातां आलें नाहीं तर कामाच्या वाटेनें जातां येतें. घरबांधणी, रस्ते, पूल अशा कामांवर मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वर्षें वयाच्या मनुष्यास बांधकाम कामगार म्हणून नांव नोंदवितां येतें. हा नियम १९९६ च्या कायद्यांत होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तो राखला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. महाराष्ट्राच्या मंडळाकडे नोंद झालेल्या आणि ती चालू ठेवलेल्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला महात्मा फुले योजनेंत स्थान आहे. म्हणजे जेथें अधिवासाला १५ वर्षें लागतात तेथें घामाला ९० दिवस पुरतात. मला हा नियम या साऱ्या पसाऱ्यांत सर्वांत न्यायाचा वाटतो. तोही एक प्रतीक्षाकालच आहे, पण तो उघड आहे, मोजतां येतो, आणि मनुष्य त्या काळांत समाजासाठीं कांहीं करीत असतो. ९० दिवसांचा दाखला ठेकेदारानें अथवा ग्रामसेवकानें द्यावयाचा असतो. ठेकेदार टाळाटाळ करतो म्हणून पुष्कळ नोंदी अडतात. मजुरानें हजेरीचा हिशोब आपल्या वहींत स्वतः ठेवला तर दाखला मागतांना त्याला आधार राहतो.

कारखान्यांतील कामगाराची व्यवस्था जुनी आहे. प्राध्यापक बी. पी. अडारकर यांनीं १९४४ मध्यें कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीं अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर आणि दिल्ली येथें सुरू झाली. आज तो कायदाही वर सांगितलेल्या संहितेंत विलीन झाला आहे, योजना चालू आहे. तिच्यांत एक सूक्ष्म भेद आहे तो ध्यानांत घ्या. उपचाराचा हक्क कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला तो विमापात्र नोकरींत लागल्या दिवसापासून मिळतो. तो कोणत्या राज्यांतून आला हें कोणी विचारीत नाहीं. परंतु आजारपणांत बुडालेल्या मजुरीबद्दल जी रोख रक्कम मिळते तिला मात्र थांबावें लागतें. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि नव्या कामगाराचा पहिला लाभकाळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनीं उघडतो. औषध लगेच, पैसा पुढें. ज्यानें ही योजना आंखली त्याला विम्याची पळवाटही ठाऊक होती आणि रोग्याची निकडही. गोंदियाच्या परिसरांतील भाताच्या गिरण्यांत परगांवचे लोक काम करतात. ज्या गिरणीला ही योजना लागू आहे तेथें लागणाऱ्यानें पहिल्या पगाराच्या आधींच आपला विमा क्रमांक मागून घ्यावा.

नव्या माणसाला मुळींच थांबावें लागत नाहीं अशीं दोन दारें आहेत. पहिलें रस्त्यावरच्या अपघाताचें. २०२३ च्या शासननिर्णयानें महाराष्ट्राच्या हद्दींत रस्त्यावर जखमी झालेल्या मनुष्याचा उपचार, तो परराज्याचा असो वा परदेशाचा, १ लाख रुपयांपर्यंत या योजनेंतून होतो. मुंबई–कोलकाता महामार्ग देवरीवरून छत्तीसगडांत उतरतो. त्या मार्गावर मालमोटारी चालविणाऱ्या सर्वांनीं हें लक्षांत ठेवावें. दुसरें दार वयाचें. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकाला, श्रीमंत असो कीं गरीब, आयुष्मान योजनेंत ५ लाखांचें संरक्षण आहे. पुरावा म्हणजे आधारावरचें वय. मुलाकडे राहावयास आलेली म्हातारी आई त्याच्या शिधापत्रिकेंत नसली तरी तिचें अडत नाहीं. ज्या घरांत तरुणांना कागद मिळत नाहींत त्या घरांतही म्हातारीचें कार्ड निघूं शकतें, हें सांगूनही पुष्कळांना खरें वाटत नाहीं.

नवागत म्हटल्यावर गोंदिया जिल्ह्यांत आणखी एका वस्तीचें नांव घ्यावें लागतें. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत गोठणगांवाजवळ १९७२ मध्यें तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत झाली. याच तालुक्यांत अरुणनगर येथें पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती आहे. बंगाली कुटुंबें कागदोपत्रीं इकडचीं झालीं. तिबेट्यांची गोष्ट गुंतागुंतीची राहिली. पन्नास वर्षें येथें राहिलेल्या म्हाताऱ्याला अधिवासाची १५ वर्षें तिप्पट भरतात, पण त्या प्रमाणपत्राच्या नांवांतच 'राष्ट्रीयत्व' हा शब्द आहे, आणि तेथें त्याची गाडी थांबते. त्याच घरांत भारतांत १ जुलै १९८७ पूर्वीं जन्मलेला त्याचा मुलगा मात्र कायद्यानें भारताचा नागरिक. २०१४ मध्यें केंद्र सरकारनें तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केलें आणि शिधावाटप, रोजगार हमी अशा योजनांचा लाभ वसाहतींतील लोकांना राज्यांनीं द्यावा असें त्यांत सांगितलें. त्यापूर्वींच, २०१२ मध्यें, मध्यवर्ती तिबेटी प्रशासनाच्या आरोग्यखात्यानें तिबेटी मेडिकेअर नांवाची वर्गणीची योजना सुरू केली होती. ती आपल्या भिशीच्या जवळची आहे: वर्षाची ठरलेली वर्गणी भरावी, नोंदणीच्या मुदतींत भरावी, आणि रुग्णालयांत राहावें लागल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च मिळावा. सरकारचें दार उघडेपर्यंत थांबण्यापेक्षां आपलें लहानसें दार आपणच बसवून घ्यावें, असा विचार त्यामागें दिसतो.

आतां परदेशचें पाहूं. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्यकायद्यानें असें ठरवून दिलें आहे कीं कोणत्याही प्रांतानें नव्या रहिवाशास तीन महिन्यांपेक्षां अधिक थांबवूं नये. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, आलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने थांबावें लागतें. ऑन्टारिओ प्रांतांत तीन महिन्यांची अट होती. २०२० च्या मार्चमध्यें महामारीच्या वेळीं ती दूर करण्यांत आली. इंग्लंडची रीत निराळी: तेथें नवागताला थांबवीत नाहींत, व्हिसा देतांनाच आरोग्याचा अधिभार वसूल करतात. एप्रिल २०१५ पासून हा अधिभार आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारींत तो प्रौढांस वर्षाला १,०३५ पौंड झाला. सर्वांत कठोर अमेरिका. तेथील १९९६ च्या कायद्यानें कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या बहुतेकांना गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेसाठीं, म्हणजे मेडिकेडसाठीं, पांच वर्षें थांबावें लागतें. मुलांना आणि गर्भवतींना सूट द्यावी कीं नाहीं हें २००९ पासून त्या त्या संस्थानावर सोपविलें आहे. गोंदियाहून किंवा नागपुराहून मुलाकडे टोरोंटोला जाणाऱ्या आईबापांना तर यांतलें कांहींच लागू नाहीं, कारण ते रहिवासी नव्हेत, पाहुणे आहेत. दीर्घ मुदतीच्या सुपर व्हिसावर जाणाऱ्यांना किमान १ लाख डॉलरांचा, किमान एक वर्षाचा खासगी विमा आधीं दाखवावा लागतो. तो घेतांना जुना मधुमेह वा रक्तदाब लपवूं नये; लपविलेला आजार पुढें दाव्याच्या वेळीं बाहेर येतो.

कॅनडाचे तीन महिने आणि आपला न लिहिलेला काळ यांची तुलना केली तर मला कॅनडाचा नियम अधिक सभ्य वाटतो. तीन महिने हे तीन महिनेच असतात. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं दार उघडतें आणि मधल्या काळासाठीं मनुष्य कांहीं तजवीज करूं शकतो. आपल्याकडे मजुराला कोणी 'थांब' म्हणत नाहीं. त्याला 'हा कागद आण' म्हणतात. १९४६ मध्यें सर जोसेफ भोर यांच्या समितीनें, पैसे नाहींत म्हणून कोणीही उपचाराला मुकूं नये, हें तत्त्व मांडलें. कागद नाहीं म्हणून कोणीही मुकूं नये, असें एक कलम त्याला जोडण्याची वेळ आली आहे. एखाद्या परप्रांतीय कुटुंबानें तलाठ्यापुढें नांव नोंदविल्यापासून अमुक महिन्यांनीं तें राज्याच्या विम्याला पात्र होईल, असा साधा नियम झाला तरी पुष्कळ भागेल. तो काळ तीन महिन्यांचा ठेवा, सहा महिन्यांचा ठेवा. पण तो लिहा.

तोंवर आजारी मनुष्यानें काय करावें तें सांगून थांबतों. संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र नांवाचा योजनेचा मनुष्य बसलेला असतो. त्याला 'माझी पत्रिका चालेल काय' एवढेंच विचारूं नये, कारण त्याचें उत्तर 'नाहीं' असें येईल आणि बोलणें तेथेंच संपेल. आपल्यापाशीं काय काय आहे तें सर्व सांगावें: आयुष्मान कार्ड, बांधकाम कामगाराची नोंद, कारखान्याचा विमा क्रमांक, घरांतील वृद्धाचें वय, अपघात असल्यास अपघाताची जागा. एक दार बंद असलें तर दुसरें त्यांतून सांपडतें. प्रकृति तांतडीची असेल तर आधीं दूरध्वनीनें मंजुरी घेऊन कागद मागाहून देण्याची सोय योजनेंत आहे. ती मागून घ्यावी लागते. आणि कोणतेंच दार उघडलें नाहीं तर विम्याचा विचार बाजूस ठेवून सरकारी रुग्णालयाची वाट धरावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाहीं, आणि गोंदिया शहरांतील कुंवर तिलकसिंह व बाई गंगाबाई हीं दोन्ही रुग्णालयें २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेलीं आहेत. तेव्हां सालेकशाचा किंवा देवरीचा रोगी थेट शहराकडे न धांवतां आधीं आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत गेला, तर तेथें त्याला केसपेपरचेही पैसे पडत नाहींत.